एक्स्टर्नल हार्ड डिस्क फॉरमॅट मागतेय, आत सासऱ्यांनी स्कॅन केलेले सगळे फोटो आहेत (इंदूर)

सुदामानगरवाली

नमस्कार, जरा घाबरून लिहून राहिले आहे त्यामुळे मागचं पुढे होईल, सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात आमच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, इथेच इंदूरला, आणि त्यासाठी जुन्या फोटोंचा स्लाइड शो करायचा म्हणून मी कपाटातली १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढली. २०१५ ची आहे, मधली दोन वर्षं कोणी हातही लावला नव्हता. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर घरातले सगळे अल्बम एकेक पान करून स्कॅन केले होते ते सगळं ह्यातच. मूळ अल्बम माळ्यावर वाळवीने खाल्ले, सासरेही आता नाहीत. शिवाय आजेसासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, नोकियाच्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या, त्या पण ह्यातच.

तर डिस्क लावली, पाच मिनिटं काहीच नाही, मग फोल्डर दिसले पण फोटोवर क्लिक केलं की सगळं हँग. आणि आतून टिक... टिक... असा आवाज, पाल चुकचुकल्यासारखा. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला काकू मी बघतो, आणि त्याने चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं) लावलं, ते चार तास ११ टक्क्यांवर बसून राहिलं, शेवटी मीच वायर काढली. आता लावली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं येतं. मी कॅन्सल केलं, एवढी अक्कल होती. पुतण्याने क्रिस्टल डिस्क इन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) पण चालवून बघितलं, त्यात पिवळा कॉशन आणि सी५ च्या ओळीत १बी८ असं काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेली. त्याने कानाला लावून ऐकली, म्हणाला १२ हजार, उघडावी लागेल, बसा इथेच उघडतो, आणि काउंटरवर चहाच्या ग्लासाशेजारी ठेवून स्क्रू ड्रायव्हर काढला. मला काय वाटलं कोण जाणे, मी डिस्क उचलली आणि घरी आले. बरोबर केलं का चूक? पैसे द्यायची तयारी आहे पण फोटो यायला पाहिजेत नं. आणि बाहेरचा डबा उघडून आतली डिस्क थेट डेस्कटॉपला जोडली तर काही फरक पडतो का?

पोहेवाले_भिया

ताई टेन्शन नका घेऊन राहू. जुना जुगाड सांगतो, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी काढल्या काढल्या लावा आणि पटापट कॉपी मारा. माझी २००६ मध्ये अशीच आली होती परत, ४० जीबीची होती, आई कसम. नाहीतर चेकडिस्क परत लावा आणि रात्रभर सोडून द्या, चार तासात काय होतंय.

राजेंद्रनगर_रूट

भिया, २००६ मध्ये आली असेल पण कृपा करून हे कोणाला सांगू नका. फ्रीझरमधून काढलेला पाण्याचा तांब्या मे महिन्यात ओट्यावर ठेवा आणि दोन मिनिटांनी बघा बाहेरून काय होतं ते. तेच डिस्कच्या आत होणार, तबकडीवर पाणी, आणि त्या तबकडीपासून हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, माणसाचा केस त्याच्यापेक्षा हजारो पट जाड. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर.

ताई, दुकानातून उचलून आणली हे एकदम बरोबर केलंत, त्याच कारणासाठी, उघड्यावरचा धुळीचा कणही तिथे डोंगरच. चहाच्या ग्लासाशेजारी उघडलेली डिस्क मग कुठलीही चांगली लॅब हातात घ्यायला कुरकुर करते.

आता चेकडिस्कबद्दल, कारण पुतण्याचा दोष नाही, शंभरातले नव्वद जण हेच करतात. ते डेटा वाचवायला बनवलेलंच नाही. त्याचं काम म्हणजे फाईल सिस्टमचा, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे त्या सूचीचा, हिशोब जुळवणं. जी नोंद जुळत नाही ती तो छाटतो किंवा फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे करून टाकतो, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितो. मुनीमजींना खातेवही नीट करायला दिली आणि त्यांनी जुळत नाहीत ती पानंच फाडली, तसं. तुमचं आधी फोल्डर दिसत होते आणि नंतर फॉरमॅट मागायला लागलं ते बहुतेक ह्यामुळेच, म्हणजे ते आणि मध्येच वायर काढणं दोन्ही मिळून. पण घाबरू नका, सूची बिघडली म्हणजे फोटो पुसले गेले असं नाही.

सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कने वाचायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही अशा जागा. १बी८ हा हेक्समधला आकडा आहे, आपल्या हिशोबात ४४०. ५१२ बाईटच्या सेक्टरने धरलं तर २२० केबी, म्हणजे एका बऱ्यापैकी फोटोपेक्षा कमी. पण आतापर्यंत जिथे ठेचकाळली तेवढंच मोजलंय, पुढे किती आहेत ते तिलाही माहीत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आवाजाचा. टिकटिक दोन कारणांनी होते. एक, हेड गेलंय, मग घरी काहीही करायचं नाही, लॅब. दोन, डिस्कला करंट पुरत नाहीये, हेड उचलतं आणि परत जागेवर बसतं, परत उचलतं. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि ह्या छोट्या डिस्कला फिरायला सुरुवात करताना बरंच लागतं. त्यात तुमची केबल १० वर्षं जुनी. तर सांगा, कुठल्या पोर्टला लावली होती? पुढच्या की मागच्या? डेस्कटॉप का लॅपटॉप? उत्तर देईपर्यंत डिस्क लावू नका, 'फक्त बघते' म्हणून पण नाही.

सुदामानगरवाली

दादा, डेस्कटॉप, पुढचं पोर्ट, काळं आहे, निळं नाही. केबल डिस्कबरोबर आलेली तीच, ती चपटी रुंद पिनवाली, जरा हलली की दिवा बंद होतो हे मी सांगायलाच विसरले.

राजेंद्रनगर_रूट

हे आधी सांगायचं नं ताई 🙂 नवीन केबल आणा, यूएसबी ३ मायक्रो बी म्हणून मागा, लांब घेऊ नका, वीतभर पुरे. जेल रोडला मिळेल. मग मागच्या बाजूच्या निळ्या पोर्टला एकदाच लावा, काहीही उघडू नका, फक्त विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या आकाराचा आकडा बघा आणि कान देऊन ऐका. दोन मिनिटांत काढून टाका.

जुनी_सर्किट

मी काही वर्षं ह्याच कामात होते, आता नाही, म्हणून दोन गोष्टी लिहिते. डबा उघडून आतली डिस्क थेट जोडायचं विचारलंय, ते करू नका. काही पोर्टेबल डिस्कमध्ये आत साधा साटा कनेक्टर (डेस्कटॉपच्या आतल्या डिस्कला असतो तो) असतो आणि त्यावर छोटा यूएसबीचा बोर्ड, तिथे बोर्डच खराब असेल तर काढून जोडल्याचा उपयोग होतो. पण बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर बसवलेलं असतं, आत जोडायला काही नसतंच. आणि काहींत तो बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी, मग थेट वाचलं तर नुसता कचरा दिसतो. लोक येऊन सांगायचे की मॅडम डिस्क तर चालू आहे पण रिकामी आहे, रिकामी नसायची, फक्त कुलूप बाहेर राहिलेलं असायचं.

ऑनलाइन तसाच बोर्ड मागवून बदलायचं पण डोक्यात आणू नका. बोर्डावर एक छोटी चिप असते त्यात त्या एकाच डिस्कची हेडची मापं असतात, कारखान्यात एकेका डिस्कसाठी वेगळी भरलेली. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचल्यासारखं होतं ते.

लॅबची वेळ आलीच तर फोनवर तीन प्रश्न विचारा. उघडणार कुठे, आधी क्लोन (अख्ख्या डिस्कची प्रत) करणार का थेट फाईली काढणार, आणि डेटा नाही आला तर पैसे किती. पहिल्या प्रश्नाला जो 'इथेच' म्हणाला तिथून निघायचं. आणि 'गॅरंटी' म्हणाला तिथून पण, कारण डिस्क बघायच्या आधी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

सुदामानगरवाली

केबल आणली, मागच्या निळ्याला लावली. टिकटिक नाही!! नुसती घरघर, आधी करायची तशीच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ९३१.५१ जीबी आणि पुढे रॉ लिहिलंय. लगेच काढली. सासूबाई मागे उभ्या होत्या, म्हणाल्या बघ श्वास घेऊन राहिली आहे अजून.

राजेंद्रनगर_रूट

सासूबाईंचं निदान बरोबर आहे. आकार बरोबर सांगतेय (१ टीबी विंडोजला ९३१ जीबीच दिसते, आणि रॉ म्हणजे सूची ओळखू येत नाहीये) म्हणजे हेड निदान स्वतःची माहिती तरी वाचून राहिलंय. आता घरी करता येईल, पण एकाच पद्धतीने, आणि मध्येच 'जरा हा फोल्डर उघडून बघू' असं केलंत तर मी जबाबदार नाही.

कल्पना अशी की डिस्कमधून फाईली काढायच्याच नाहीत. आधी अख्ख्या डिस्कचा जसाच्या तसा फोटो काढायचा, त्याला इमेज म्हणतात, आणि मग सगळी शोधाशोध त्या इमेजवर. फाईली कॉपी करताना काय होतं की विंडोज एका खराब जागेवर अडलं की तिथेच परत परत डोकं आपटतं, हेड त्याच जखमेवर घासत राहतं, आणि पुढचा चांगला भाग वाचायच्या आधीच डिस्क जाते. डीडीरेस्क्यू नावाचा इमेज काढायचा फुकट प्रोग्राम आहे, तो उलट करतो. अडलं की पुढे उडी मारतं, सोपं सोपं आधी गोळा करतं, अवघड शेवटी. पेपर सोडवतो तसं. आणि कुठे काय राहिलं हे एका मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं त्यामुळे मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू.

पुतण्याला कामाला लावा. २ टीबीची नवीन डिस्क घ्या, कारण इमेजच १ टीबीची होणार आणि मग त्यातून काढलेल्या फाईलींना पण जागा पाहिजे. नवीन डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट असला पाहिजे, फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. रूफस नावाच्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारं लिनक्स) टाका, त्यावरून कम्प्युटर चालू करा, इन्स्टॉल नको, नुसतं ट्राय करायचं. इंटरनेट जोडा आणि प्रोग्राम घ्या. इथे एक गंमत आहे, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आणि कमांडचं नाव डीडीरेस्क्यू, आणि डीडी अंडरस्कोर रेस्क्यू हे तिसरंच काहीतरी आहे, ते घेऊ नका. पॅकेज सापडत नाही म्हणालं तर युनिव्हर्स रिपॉझिटरी (उबुंटूचं जादा प्रोग्रामचं भांडार) चालू करायची.

मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलएसबीएलके टाकून दोन्ही डिस्कची नावं बघा. आकारावरून ओळखा, आणि कागदावर लिहा. खरंच कागदावर. जुनी कुठली, नवी कुठली, हे उलटं झालं तर कोऱ्या डिस्कचा फोटो फोटोंच्या डिस्कवर जाईल आणि मग मी तर काय कोणीच काही करू शकणार नाही. पहिली फेरी अशी: डीडीरेस्क्यू, मायनस डी, मायनस एन, मग जुनी डिस्क, मग इमेजचं नाव, मग मॅपफाईलचं नाव. इथे देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाका हे सांगायला नको. मायनस डी म्हणजे डिस्क थेट वाच, मायनस एन म्हणजे खराब जागा खरवडत बसू नको. इमेज आणि मॅपफाईल दोन्ही नव्या डिस्कवर, डेस्कटॉपवर नको, कारण पेन ड्राइव्हवरचं उबुंटू बंद केलं की त्याच्या डेस्कटॉपवरचं सगळं उडतं. माझी एकदा अख्ख्या रात्रीची मॅपफाईल अशी गेली आहे.

डिस्क गरम होईल. टेबल फॅन लावा पण कूलरसमोर ठेवू नका, दमट हवा.

पोहेवाले_भिया

म्हणजे फ्रीझर नाही पण फॅन चालेल 😄 ठीक आहे भिया मान्य. ताई रात्री १० ला सुरू करा आणि घरच्यांना घेऊन सराफ्याला जा, दहीवडा खाऊन या, टक टक बघत बसलं की टक्के पुढे सरकत नाहीत.

सुदामानगरवाली

सराफ्याला कोणी गेलं नाही, सगळे कम्प्युटरसमोरच बसून होते जसं काही क्रिकेटची मॅच आहे. सुरुवातीला ९० एमबी पर सेकंद, मग ४० टक्क्यांच्या आसपास एकदम घसरून केबीत आलं, मग परत वर. रात्री २ ला ६१ टक्के झाले आणि लाईट गेली!! मी तर देवासमोर जाऊन बसले. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे. लाईट आल्यावर पुतण्याने परत तीच कमांड टाकली तर ६१ पासूनच सुरू झालं, पण आधी त्याला एलएसबीएलके बघायला लावलं आणि बरं झालं, कारण ह्या वेळी नावं अदलाबदल झाली होती. जी एसडीबी होती ती एसडीसी. कागदावर लिहिलेलं खोडून परत लिहिलं.

दुपारी ४ ला पहिली फेरी संपली. ९९.९७ टक्के.

राजेंद्रनगर_रूट

वा. १ टीबीचे ०.०३ टक्के म्हणजे साधारण ३०० एमबी बाकी. डिस्कला तासभर आराम द्या, मग मायनस एन काढून मायनस आर३ (खराब जागा अजून तीनदा वाचून बघ) लावून तीच इमेज, तीच मॅपफाईल. ही फेरी कासवासारखी चालेल, स्पीड बघून रडू नका. टिकटिक सुरू झाली तर तिथेच थांबा, जेवढं आलंय तेवढं पुष्कळ आहे.

सुदामानगरवाली

अजून दीड दिवस चालली. आता ४१ एमबी बाकी आहे आणि तो आकडा काल रात्रीपासून हलून नाही राहिला. बंद केली. आता इमेज उघडायची कशाने? आणि कुठल्या फाईली खराब आहेत हे कळणार कसं, स्कॅन १८ हजार आहेत, एकेक उघडून बघू का?

राजेंद्रनगर_रूट

जुनी डिस्क काढून कपाटात. आता सगळं इमेजवर.

परत विंडोजमध्ये या, डीएमडीई नावाचा फाईली परत काढायचा प्रोग्राम घ्या, त्यात इमेज फाईल उघडा आणि पूर्ण स्कॅन मारा. एनटीएफएसची सूची थोडीफार शिल्लक असेल तर फोल्डर आणि फाईलींची नावं सगळं परत दिसेल. मोफत आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फाईली काढता येतात, सासऱ्यांनी वर्षावार फोल्डर केले असतील तर पैसे न देता काम होईल. फोटोरेक नावाचा तसाच दुसरा प्रोग्राम आधी लावू नका. चांगलं आहे, फुकट आहे, पण ते सूची बघतच नाही, नुसता फोटोचा चेहरा ओळखून उचलतं, त्यामुळे नावं जातात आणि १८ हजार फोटो एफने सुरू होणाऱ्या आकड्यांचे होऊन बसतात. 'मामांची मुंज' कुठली ते शोधायला तुम्हाला परत एक सहस्रचंद्रदर्शन लागेल.

खराब फाईलींचं: डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड आहे. न वाचलेल्या जागी आपण ठरवलेला एक शब्द भरून देतो, समजा 'बॅडसेक्टर' (इंग्रजीत). हे फाईली काढायच्या आधी करायचं. मग काढलेल्या फाईलींमध्ये ग्रेपने (फाईलींत शब्द शोधायची कमांड) तो शब्द शोधला की ज्यात सापडला त्या खराब. १८ हजार उघडायची गरज नाही. हे शक्यतो इमेजच्या प्रतीवर करतात पण तुमच्याकडे जागा नाही आणि मॅपफाईल आहे, चालेल. फक्त ह्या कमांडमध्ये जुनी डिस्क लागतच नाही, पुतण्याला सांगा मॅन्युअल वाचून कर.

जुनी_सर्किट

ओव्यांबद्दल सांगते, जुन्या नोकियावर असतील तर एएमआर फाईली असतील. त्यात आवाज २० मिलिसेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत भरलेला असतो, मधले थोडे तुकडे गेले तर तेवढंच खरखरतं किंवा गप्प होतं, पुढचं बहुतेक वेळा वाजतं. एखाद्या प्लेअरने नाही म्हटलं तर दुसऱ्यात बघा. फोटोचं उलट आहे, जेपीजी मध्ये मधला तुकडा गेला की तिथून खाली सगळा करडा पट्टा किंवा रंग बदललेला.

सुदामानगरवाली

झालं. म्हणजे सगळं नाही पण झालं. नावासकट आले, सासऱ्यांच्या सवयीप्रमाणे '१९७४ महेश्वर घाट आत्या डावीकडून दुसरी' अशी नावं आहेत फाईलींची, ती गेली असती तर आत्या कुठली हे सांगणारं आता फक्त सासूबाईच आहेत. खराब एकूण २३ फोटो आणि एक लग्नाचा व्हिडिओ. व्हिडिओ आमच्याच लग्नाचा, सप्तपदीच्या आधी अडकतो तो पुढे जातच नाही. नवरा म्हणून राहिलाय की बघ, तांत्रिकदृष्ट्या अजून काही झालेलं नाही.

ओव्या १४ होत्या, १४ च्या १४ आल्या. एकीत मध्ये तीन सेकंद नुसती खरखर आहे. सासूबाईंना ऐकवली तर त्या म्हणाल्या ती डिस्कची नाही, जात्याची आहे, जातं तसंच वाजायचं. मी ग्रेपच्या यादीत बघितलं, ती फाईल खरंच यादीत नाही.

आता दोन प्रती केल्या, एक नव्या डिस्कवर आणि एक नणंदेकडे पुण्याला पाठवतेय. जुन्या डिस्कचं काय करू? कचऱ्याच्या गाडीत ई-वेस्टच्या कप्प्यात टाकली तर चालेल?

राजेंद्रनगर_रूट

समारंभ होऊ द्या, स्लाइड शो पूर्ण बघून घ्या, मग टाका. आणि टाकताना लक्षात असू द्या, आपण जर ९९.९९ टक्के वाचू शकलो तर दुसरा कोणी पण वाचू शकेल. तुमच्या नवऱ्याचे टॅक्सचे कागद असतीलच त्यात. उघडून तबकड्या काढून वाकवा किंवा फोडा, कापडात गुंडाळून फोडा कारण काचेच्या असल्या तर तुकडे उडतात. हे मात्र चहाच्या ग्लासाशेजारी केलंत तरी चालेल.

नवलखा_९

मस्त थ्रेड, सेव्ह केला. माझी पण गेल्या आठवड्यापासून अशीच टिकटिक करतेय पण चालू आहे, आत्ता पण लावलेलीच आहे, पिक्चर कॉपी होऊन राहिलेत, ते झाले की रविवारी सगळं नीट वाचून करतो. माझं पोर्ट निळं आहे त्यामुळे करंटचा प्रॉब्लेम नसावा, बरोबर नं?

जुनी_सर्किट

काढ ती आधी. उत्तर नंतर देते.